रांचू खाल्ल्यावर उलटा तरंगतो: कारणं, तपासणी आणि खाऊ घालण्याची पद्धत

सकाळी दाणे टाकले, रांचूने भराभर गिळले, आणि अर्ध्या तासात शेपटी वर, डोकं खाली. संध्याकाळी पोटाचा भाग पाण्याबाहेर. दुसऱ्या दिवशी मासा पुन्हा सरळ पोहतो, भूकही चांगली असते, म्हणून पुन्हा दाणे पडतात आणि पुन्हा तेच होतं. रांचू ही गोल्डफिशची आखूड, गोल अंगाची जात. ती पाळणाऱ्यांना सगळ्यांत जास्त सतावणारी तक्रार हीच. बहुतेक वेळा हा आजार नसतोच. या माशाच्या शरीराची घडण आणि आपली खाऊ घालण्याची पद्धत यांचा मेळ बसलेला नसतो. त्यामुळे औषधाच्या बाटलीपेक्षा खाद्याचा डबा, थर्मामीटर आणि पाण्याची टेस्ट किट आधी हातात घ्यावी.

मासा आत्ता उलटा असेल तर

खाणं पूर्ण बंद करा. पाणी २४ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर ४८ तास, १८ ते २२ अंश असेल तर ७२ तास. ५ सेंटिमीटरपेक्षा लहान पिलाला मात्र २४ तासांहून जास्त उपाशी ठेवू नका. मोठा, अंगाने भरलेला रांचू तीन दिवस न खाता सहज राहतो. ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून मध्येच दोन दाणे टाकले की उपासाचा सगळा हिशेब मोडतो.

लगेच अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशाच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं, तपासा. दोन्ही शून्य हवेत. दोन्हींपैकी एकही शून्याच्या वर असेल तर निम्मं पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तापमानात जुन्यापेक्षा फार तर एक-दोन अंशांनी वेगळं असावं. नळाच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर १०० लिटरला १.५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरतं. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ झालं की पालिका क्लोरीनची मात्रा वाढवतात. त्या महिन्यांत फक्त रात्रभर बादलीत पाणी ठेवण्यावर विसंबू नका.

मग माशाला उथळ पाणी द्या. ४० ते ५० लिटर मावेल असा पसरट टब घ्या, पाण्याची उंची १५ ते २० सेंटिमीटर ठेवा, एका कोपऱ्यात मंद एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. खोल टाकीत तरंगणाऱ्या माशाला तळाशी जायला प्रत्येक वेळी धडपडावं लागतं आणि त्यात तो थकतो. उथळ पाण्यात तेच अंतर चार बोटांचं होतं. टबला मुरलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू बसलेला, फिल्टर नसतो, म्हणून रोज ३० टक्के पाणी बदलायचं. आहे त्याच टाकीतलं पाणी कमी करण्याचा सोपा मार्ग टाळा. पाणी निम्मं झालं की तेवढ्याच घाणीची तीव्रता दुप्पट होते.

पोट किंवा पाठ पाण्याबाहेर राहत असेल तर ती त्वचा कोरडी पडते, लाल होते आणि तिथे जखम धरते. टबावर झाकण किंवा ओला पंचा टाका, म्हणजे वरची हवा दमट राहील. पंख्याखाली टब ठेवू नका.

मिथिलीन ब्लू, अँटिबायोटिक, दुकानदाराने सुचवलेलं ‘स्विम ब्लॅडरचं’ (माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचं) औषध यांपैकी काहीही या टप्प्यावर ओतू नका. मिथिलीन ब्लूने पोटातली हवा निघत नाही. उलट फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि दोन-चार दिवसांत अमोनियाचा नवा प्रश्न उभा राहतो.

रांचूलाच हा त्रास का

गोल्डफिश मूळचा चीनचा. कॅरॅशिअस गटातल्या राखाडी-हिरवट कार्पमध्ये अधूनमधून लाल-सोनेरी पिलं निपजत, ती वेगळी ठेवली जाऊ लागली. दक्षिण सोंग राजवटीत, बाराव्या शतकात, हांगचौमध्ये सम्राट गावझोंग याच्या महालातल्या तळ्यात असे मासे होते. तोवर बदलला होता तो रंगच. पुढे मिंग काळात मासे तळ्यांतून मातीच्या कुंड्यांत आले. कुंडीत ना वेगाने पोहण्याची गरज, ना शिकाऱ्याची भीती, त्यामुळे तळ्यात चार दिवस टिकली नसती अशी शरीरंही जगली आणि माणसाने ती निवडून वाढवली. दुहेरी शेपटी त्यांतलीच एक. तैवानमधल्या अ‍ॅकॅडेमिया सिनिका या संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की या शेपटीमागे कॉर्डिन नावाच्या जनुकातला बदल आहे. हे जनुक गर्भाची पाठ-पोटाची बाजू ठरवण्याच्या कामात असतं. म्हणजे शेपटीचा फाटा ही वरवरची सजावट नाही, शरीराच्या आराखड्यातच फरक पडलेला आहे.

जपानी नोंदींनुसार गोल्डफिश १५०२ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई बंदरात उतरला. पाठीवर पर नसलेले गोल अंगाचे चिनी मासे नंतर पोहोचले. त्यांच्यापासून जपानात निरनिराळ्या शाखा झाल्या. डोक्यावर मांसल वाढ असलेला आजचा रांचू मेइजी काळात (१८६८ ते १९१२) तोक्योमध्ये आकाराला आला आणि ते श्रेय इशिकावा कामेकिची यांच्या घराण्याला दिलं जातं. जपानात रांचू उथळ हौदात, वरून पाहायचा मासा आहे. दर वर्षी ३ नोव्हेंबरला तिथे रांचूची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि परीक्षक पसरट भांड्यातल्या माशाकडे वरूनच पाहतात. पाठ रुंद आहे का, कणा सरळ आहे का, शेपटी दोन्ही बाजूंना सारखी उघडते का, आणि मुख्य म्हणजे मासा पोहतो कसा, हे तिथे बघितलं जातं.

काचेची टाकी आली आणि पाहण्याची बाजू बदलली. चीन आणि थायलंडमध्ये बाजूने पाहायचे रांचू तयार झाले. पाठीची कमान उंच, अंग आखूड, पोट खोल, शेपटीचं मूळ एकदम खाली वळलेलं, डोक्यावरची वाढ मोठी. भारतातल्या दुकानांत दिसणारे बहुतेक रांचू या घडणीचे असतात. दिसायला ते गोंडस खरेच, पण तरंगण्याचा त्रासही त्यांनाच जास्त होतो.

कारण शरीराच्या आत आहे. गोल्डफिशच्या वाताशयाला, म्हणजे पोहण्याच्या पिशवीला, पुढे-मागे दोन कप्पे असतात. आखूड अंगाच्या जातींमध्ये मागचा कप्पा अनेकदा लहान, वाकडा किंवा जवळजवळ नसल्यासारखा असतो. त्याच आखूड पोकळीत लांब आतडं वेटोळं करून बसवलेलं असतं, शिवाय मादीत अंडाशय. आतडं फुगलं की पिशवीवर दाब येतो. ही पिशवी एका बारीक नळीने अन्ननलिकेला जोडलेली असते. पाण्याच्या पृष्ठावर तोंड काढून खाणारा मासा दाण्याबरोबर हवा गिळतो. त्यातली काही पिशवीत जाते, काही आतड्यात. त्यात पाठीवर पर नाही. पर असता तर अंग एका बाजूला कलंडताना त्याने रोखलं असतं. लांबट अंगाचा कॉमेट जातीचा गोल्डफिश तेवढीच हवा गिळूनही सरळ राहतो, रांचू राहत नाही.

आणखी एक गोष्ट खाऊ घालणाऱ्याने कायम लक्षात ठेवावी: गोल्डफिशला जठर नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं अन्न थेट आतड्यात जातं. साठवून सावकाश पचवायची सोयच नाही. निसर्गात तो दिवसभर चिखल चाळत थोडं थोडं खातो. दिवसातून एकदा मूठभर दाणे ही त्या आतड्याच्या विरुद्धची गोष्ट आहे.

तरंगतो कसा आणि केव्हा, ते बघा

उपचार ठरवण्याआधी दोन दिवस निरीक्षण करा आणि वेळ लिहून ठेवा. नुसतं ‘उलटा होतो’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

खाल्ल्यावर दहा मिनिटं ते दोन तासांत शेपटी वर जाते आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मासा आपोआप सरळ होतो: गिळलेली हवा किंवा कोरडे फुगणारे दाणे. यावर फक्त खाऊ घालण्याची पद्धत बदलायची. आतड्यातली हवा पोटाच्या मागच्या भागात साठते म्हणून शेपटी उचलली जाते, आणि डोक्यावरच्या वाढीमुळे पुढचा भाग आधीच जड असतो.

दिवसभर तरंगतो, विष्ठा लांब दोऱ्यासारखी लोंबते आणि तिच्यात पारदर्शक भाग किंवा बुडबुडे दिसतात: जास्त खाणं, थंड पाण्यात खाणं किंवा तुंबलेलं आतडं. उपास, ऊब आणि मऊ खाद्य, या क्रमाने जा.

तळाशी बसून राहतो, वर येताना धडपडतो आणि सोडला की दगडासारखा खाली जातो: ही उलटी बाजू. इथे हवेचा प्रश्न नसतो. पाणी खराब, पिशवीत द्रव किंवा संसर्ग. उपासाने फारसं साधत नाही. आधी पाणी सुधारा, आणि टबात लिटरमागे २ ते ३ ग्रॅम साधं मीठ द्या. ते एकदम न घालता तीन हप्त्यांत, बारा-बारा तासांनी.

टाकीतले सगळेच मासे पृष्ठाशी येऊन तोंड उघडझाप करतात: हा तरंगण्याचा त्रास नाही, प्राणवायू कमी पडतोय. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसातच्या आसपास. मे महिन्यात वीज गेली की पहिला फटका याचा बसतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप रांचूच्या घरात हवाच.

एका बाजूला पोट हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे फुगत जातं, मासा खातो-पितो, पण कलतो: मूत्रपिंडात द्रवाच्या गाठी किंवा होफेरेलस नावाच्या परजीवीमुळे वाढलेलं मूत्रपिंड. यावर खात्रीचा इलाज नाही.

खवले सगळीकडून ताठ उभे राहिले आहेत: जलोदर. याचा खाद्याशी संबंध जोडत बसू नका. मासा वेगळा करा आणि माशांचं काम करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा.

थंडीच्या अखेरीला फक्त मादीच कलते, पोट दोन्ही बाजूंनी सारखं भरलेलं आणि मऊ आहे: अंडी. जबरदस्तीने पोट दाबून अंडी काढण्याचे व्हिडिओ फिरतात. सराव नसलेल्या हाताने ते केलं तर आतला अवयव फाटतो.

यांतले पहिले दोन प्रकार इतके सर्रास आढळतात की पुढचं बहुतेक लिखाण त्यांच्यासाठीच आहे.

उपासानंतर

तापमान २५ ते २६ अंशांवर आणा, पण दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त चढवू नका. लिटरमागे एक वॅट हा हीटरचा साधा हिशेब आपल्याकडच्या हवेला पुरतो. ऊब मिळाली की आतड्याची हालचाल वाढते.

४८ तासांनंतरही मासा तरंगत असेल तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशिअम सल्फेट, १० लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून द्या. केमिस्टकडे मिळतं. सुगंध किंवा रंग घातलेलं पायाचं मीठ चालणार नाही. पाणी बदलताना जितकं काढलं तितक्याच पाण्यापुरतं पुन्हा घाला. ३० टक्के पाणी बदलून पूर्ण मात्रा घातली की तीव्रता रोज वाढत जाते, आणि ही चूक फार होते. स्वयंपाकाचं मीठ आणि एप्सम सॉल्ट यांचं काम वेगळं आहे, एकाच्या जागी दुसरं घालू नका. पाच दिवसांत फरक न पडल्यास थांबवा.

वाटाण्याबद्दल. गोठवलेला हिरवा वाटाणा तीन मिनिटं उकळायचा, साल काढायची, डाळीच्या दाण्याएवढे तुकडे करायचे, आणि १० सेंटिमीटरच्या माशाला अर्धा वाटाणा द्यायचा. याचा उपयोग होतो, पण त्याला औषध समजू नये. तो ओला असतो, लगेच बुडतो आणि हवा न गिळता खाल्ला जातो, एवढंच. वाटाण्यात स्टार्च असतो. रोज वाटाणा खाऊ घातलेल्या माशाच्या पोटात पुन्हा वायू होतो. त्यापेक्षा गोठवलेला डाफ्निया (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) चांगला. त्याचं कवच पचत नाही आणि आतडं साफ करायला मदत करतं. उपासानंतर पहिल्या दिवशी डाफ्निया किंवा वाटाणा, दुसऱ्या दिवशी डाफ्निया, तिसऱ्या दिवशी नेहमीच्या एक चतुर्थांश भिजवलेलं खाद्य, आणि आठवड्याने पूर्ण मात्रा. मध्येच मासा पुन्हा कलला तर एक पायरी मागे या.

सुई घालून हवा काढणं हा घरगुती उपाय नव्हे. क्ष-किरण फोटो न पाहता सुई नेमकी कुठे जाते हे कळतच नाही. फोटोत हवा काळी दिसते, त्यामुळे ती पिशवीत आहे की आतड्यात हे पशुवैद्य दोन मिनिटांत सांगू शकतो. महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या त्रासात फोटोवर खर्च करणं योग्य. दहा बाटल्या औषधापेक्षा त्यातून जास्त कळतं.

खाद्य: कोणतं, किती, कसं

सुरुवात दाण्यांच्या परीक्षेने करा. काचेच्या पेल्यात टाकीचं पाणी घ्या, दहा दाणे टाका आणि घड्याळ लावा. एका मिनिटात बुडायला हवेत. पंधरा मिनिटांनी त्यांचा आकार बघा. जे दीडपट फुगतात किंवा तरंगतच राहतात ते रांचूसाठी नकोत, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. तरंगणारे दाणे माशाला वर बोलावून चांगले दिसावेत म्हणून बनवतात. जपानी पद्धतीने उथळ हौदात, वरून बघणाऱ्याला ते सोयीचे असतील, पण कलणाऱ्या माशाला ते सुरूच करू नयेत.

डब्यावरचे आकडे वाचा. मोठ्या रांचूला ३५ ते ४० टक्के प्रथिनं, ५ ते ८ टक्के स्निग्धांश. वाढत्या पिलाला प्रथिनं ४० च्या वर चालतात. घटकांच्या यादीत पहिलं नाव माशाच्या पिठाचं, क्रिलचं किंवा तत्सम प्राणिज पदार्थाचं असावं. गव्हाचं पीठ किंवा मका पहिला असेल तर डबा परत ठेवा. दाण्याचा व्यास माशाच्या डोळ्याच्या बुबुळापेक्षा मोठा नको, ८ ते १२ सेंटिमीटरच्या माशाला १ ते २ मिलिमीटर. दुकानात किलोच्या भावाने मिळणारं सुटं, लाल-हिरव्या दाण्यांचं खाद्य टाळा. ते कधीचं आहे हे कळत नाही, स्निग्धांश खवट झालेला असतो आणि जीवनसत्त्व क उडून गेलेलं. स्वतःचा डबाही उघडल्यावर तीन महिन्यांत संपेल एवढाच घ्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेत दाण्यांना बुरशी धरते. हवाबंद बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि रोजच्यासाठी आठवड्यापुरते वेगळे काढा.

आता मात्रा. ‘दोन मिनिटांत संपेल तेवढं’ हा सल्ला रांचूसाठी सैल आहे, कारण हा मासा दोन मिनिटांत स्वतःला पुरून उरेल एवढं गिळतो. वजन करा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, मासा हातात अलगद उचलून त्यात सोडा, आकडा वाचा. दिवसाला वजनाच्या १ टक्का कोरडं खाद्य, तीन वेळांत विभागून. ६० ग्रॅमच्या माशाला दिवसभरात ०.६ ग्रॅम, म्हणजे एका वेळी ०.२ ग्रॅम. घरच्या काट्यावर इतकं कमी वजन बरोबर दाखवलं जात नाही, म्हणून ५ ग्रॅम दाणे मोजून एका दाण्याचं वजन काढा आणि पुढे दाण्यांची संख्या धरून चला. वाढत्या वयातल्या पिलांना ३ टक्क्यांपर्यंत, चार-पाच वेळांत. कलण्याचा इतिहास असलेल्या माशाला एक टक्क्याच्याही खाली, चार वेळांत.

घालण्याची रीत अशी. मोजलेले दाणे वाटीत घ्या, टाकीचं पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, मग पाण्याखालीच बोटाने हलके दाबा. चिकटलेले बुडबुडे निघताना दिसतात. अर्ध्या तासापेक्षा जास्त भिजवू नका, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं निघून जातात. मग चमच्याने किंवा मोठ्या ड्रॉपरने खाद्य थेट तळाजवळ सोडा. मासा हाताला सरावलेला असेल तर वर येऊन तोंड मारतच राहतो. अशा वेळी २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा तळापर्यंत धरा आणि त्यातून खाद्य सोडा. आठवड्याभरात मासा वर येणं सोडून पाइपाच्या तोंडाशी थांबायला शिकतो. खाताना फिल्टरचा प्रवाह बंद ठेवा. प्रवाहात उडणाऱ्या दाण्यामागे पळणारा रांचू पृष्ठापर्यंत जातोच.

फ्रीझ-ड्राइड अळ्या हे रांचूसाठी सर्वांत वाईट खाद्य आहे. कितीही चांगल्या कंपनीचं असलं तरी त्यात अळीच्या आकाराची हवाच असते आणि ते लवकर बुडत नाही. त्याऐवजी गोठवलेल्या ब्लडवर्म (लाल अळ्या) घ्या, गाळण्यात वितळवून लाल पाणी फेकून द्या, आणि आठवड्यातून दोन-तीनदा द्या. डोक्यावरची वाढ चांगली भरावी म्हणून रोज अळ्या चारण्याची पद्धत आहे. पण ती वाढ किती होणार हे मुख्यतः पिढीजात असतं. खाण्याने त्यात थोडीफार भर पडते, आणि स्निग्ध खाद्याच्या अतिरेकाने यकृतावर चरबी चढते. बाजारात ओंजळीच्या मापाने मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) गटारीच्या गाळातून गोळा केलेले असतात. दोन दिवस वाहत्या पाण्यात धुतले तरी जंतू राहतात, म्हणून आमच्या मते ते देऊच नयेत. पाव, पोळी, भात, बिस्कीट हेही नाही. घरात लहान मुलं किंवा पाहुणे असतील तर दाण्यांच्या दिवसभराच्या पुड्या करून ठेवा, बरणी वर ठेवा.

वारंवार कलणाऱ्या माशाला कोरडं खाद्य बंद करून जेल खाद्यावर आणणं हा आमच्या अनुभवात सर्वांत टिकाऊ उपाय. सोललेली कोळंबी १०० ग्रॅम, उकडलेला सोललेला वाटाणा ४० ग्रॅम, वाफवलेला पालक २० ग्रॅम, चांगल्या दाण्यांची पूड ४० ग्रॅम. कोळंबी आणि भाज्या मिक्सरमध्ये अगदी मऊ करा, पूड मिसळा. बिनवासाचं जिलेटिन १० ग्रॅम १०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत ५ मिलिमीटर जाड पसरवा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. महिन्याभरात संपवा. घरात कोळंबी चालत नसेल तर दाण्यांची पूड ९० ग्रॅमपर्यंत वाढवा आणि पाणी थोडं जास्त घ्या.

इथे आपल्या हवेची एक अडचण येते. जिलेटिन ३० अंशांच्या वर सैल पडायला लागतं. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-जळगावकडे टाकीचं पाणी सहज तिथे पोहोचतं, तुकडा माशाच्या तोंडात जायच्या आधी विरघळतो आणि पाणी गढूळ होतं. उन्हाळ्यात जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरा, तेवढ्याच मिश्रणाला ४ ग्रॅम. ते पाण्यात पूर्ण उकळून विरघळवावं लागतं आणि गरम असतानाच कोमट मिश्रणात ढवळावं लागतं. थंड मिश्रणात ओतलं तर गुठळ्या होतात. एकदा घट्ट झालं की टाकीच्या कुठल्याही तापमानाला ते टिकतं. जेलमध्ये बरंच पाणी असतं, म्हणून वजनाने कोरड्या दाण्यांच्या तिप्पट द्या.

थंडीत परत का उलटतो

नाशिक, पुणे, विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. गच्चीवरच्या टबातलं पाणी दुपारी २४ आणि पहाटे १५ असं हेलकावे खातं. दुपारी ऊन असताना मासा चपळ दिसतो, पोटभर खाणं घातलं जातं, आणि रात्री थंडीने आतडं मंदावलं की तेच अन्न पोटात कुजतं. गोल्डफिशला थंडी सोसते, हेलकावे सोसत नाहीत. दोन वाटा आहेत: हीटर लावून २० च्या वर स्थिर ठेवा, किंवा खाणं तापमानाप्रमाणे कमी करा. पहाटेचं तापमान मोजा, दुपारचं नव्हे. १८ च्या खाली दिवसातून एकदाच, सकाळी दहा-अकराला, नेहमीच्या निम्मं. १५ च्या खाली दोन दिवसांतून एकदा गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य. १० च्या खाली काहीच नाही. संध्याकाळी चारनंतर थंडीत खाणं घालूच नये. १०० लिटरपेक्षा कमी पाणी असेल तर टब घरात घ्या, लहान पाणी लवकर तापतं आणि लवकर निवतं.

खाद्य बरोबर, तापमान बरोबर, तरीही

मग पाणी. एका मोठ्या रांचूमागे किमान ४० लिटर, आठवड्यातून दोनदा २५ ते ३० टक्के बदल, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली. अमोनियाचा आकडा पीएचबरोबर वाचा. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. बोअरच्या पाण्याचा पीएच बहुधा ८ च्या आसपास असतो, म्हणून शेजाऱ्याच्या टाकीत चालून गेलेला अमोनियाचा ०.५ हा आकडा तुमच्या माशाला पाडू शकतो. स्पंज फिल्टर दोन ठेवा आणि आलटून पालटून, टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळा. जोरदार प्रवाहाचा पॉवर हेड (पाण्यात बुडवायचा पंप) रांचूला नको.

तेही बरोबर असेल तर मासाच तसा घडलेला आहे. यावर इलाज खरेदीच्या वेळीच होतो. वरून बघा: कणा सरळ, पाठ रुंद, शेपटीच्या मुळाशी जाडी. बाजूने बघा: पाठीची कमान एका ओळीत, मध्ये खड्डा किंवा गाठ नाही. चेंडूसारखा आखूड मासा कितीही लाडका वाटला तरी थोडा लांबट निवडा. मासा थांबलेला असताना डोकं खाली झुकतं का, ते दहा मिनिटं उभं राहून बघा. दुकानदाराला समोर खाणं घालायला सांगा आणि त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबा. उपाशी ठेवलेल्या टाकीत सगळेच मासे सरळ पोहतात.

आणि घरी आधीच असलेला, कायम तरंगणारा मासा, जो खातो, ओळखतो, हालचाल करतो, त्याला उथळ टबात ठेवता येतं. पाणी २० सेंटिमीटर, तळ गुळगुळीत, प्रवाह नाही, जेल खाद्य चमच्याने तोंडाशी, दिवसातून चार वेळा. पाण्याबाहेर राहणारी त्वचा रोज बघा. लाल झाली तर लिटरमागे ३ ग्रॅम मीठ आठवडाभर ठेवा. तरंगणाऱ्या माशाला धडधाकट माशांबरोबर ठेवू नका, तो खाण्याच्या शर्यतीत मागे पडतो आणि बाकीचे त्याचा उघडा पडलेला भाग टोचतात.